काळं रक्त

तोक्योत भाच्याकडे गेले की माझी संध्याकाळ ठरलेली असते. तो ऑफिसातून परतेपर्यंत निशी-कासाई स्टेशनच्या परिसरातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन उभं राहायचं. उभ्या उभ्या वाचणाऱ्याला तिथे कोणी हटकत नाही. शाळेच्या गणवेशातली मुलं, टाय सैल केलेले नोकरदार आणि त्यांच्यामध्ये सलवार-कमीजवर लोकरी स्वेटर घातलेली मी, सगळे माना खाली घालून एका रांगेत. या भागात भारतीय इतके आहेत की काचेपलीकडून मध्येच मराठी कानावर येतं. कोणीतरी कोणाला तरी कोथिंबीर कुठे स्वस्त मिळते ते सांगत असतं. पुण्यात जपानी शिकवण्यात माझी उमर गेली, पण मांगा हा प्रकार आमच्या पिढीच्या शिक्षकांना जरा खालच्या पायरीवरचा वाटायचा. मुलांचं व्याकरण बिघडतं, असं आम्ही म्हणायचो. आता निवृत्तीनंतर बिघडण्यासारखं माझ्यापाशी काही उरलेलं नाही, तेव्हा मी मनसोक्त वाचते.

अशाच एका संध्याकाळी तळाच्या कप्प्यात, स्वयंपाकाच्या चित्रमालिकांना खेटून कोणीतरी सरकवून दिलेले दोन खंड हाती लागले. मासाया होकाझोनो यांची 'इमर्जिंग'. कोदान्शाच्या 'मॉर्निंग' या साप्ताहिकात २००४-०५ साली ती क्रमशः आली आणि दोन खंडांत आटोपली. गर्दीच्या रस्त्यावर एक माणूस कोसळतो, त्याच्या अंगातून रक्त उसळतं, आजूबाजूच्यांवर शिंतोडे उडतात, आणि त्या आजूबाजूच्यांत एक शाळकरी मुलगी असते. इबोलाच्या जातीचा, पण कोणाच्याच यादीत नसलेला विषाणू तोक्योत उतरला आहे. पुढचं सांगत नाही. कोणाच्या हाती लागलीच तर त्याला ती माझ्याशिवाय वाचता यावी.

घरी आणून पहिलं प्रकरण पुन्हा उघडलं तेव्हा लक्षात आलं की मी ज्या पानाला बिचकले होते, त्या पानावर लाल रंगाचा थेंबही नाही. मांगाची आतली पानं काळी-पांढरी. रक्त म्हणजे शाई. चित्रकार बाह्यरेषा काढून देतो आणि भरीव काळा भाग ब्रशने भरायचं काम पुष्कळदा मदतनिसांकडे असतं. दर आठवड्याची मुदत डोक्यावर, पहाटेचे तीन वाजलेले, आणि विशीतला कोणी मुलगा रेषेबाहेर न जाता शांतपणे रक्त भरत बसलाय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्याच बाटलीतली शाई तो मुलीच्या केसांत भरणार, रात्रीच्या आभाळात भरणार, डॉक्टरच्या बुटांत भरणार. सिनेमातलं लाल रक्त पाहून आपण मनात म्हणू शकतो की रंग आहे, काकवी आहे, काहीतरी आहे. काळ्या रक्तापाशी ही पळवाट मिळत नाही. त्यातला लाल रंग वाचणाऱ्याने पदरचा घालायचा असतो, आणि एकदा पदरचं घातलं की मग कुरकुर कोणाकडे करणार?

"मावशी, झोपताना हे असलं कशाला वाचतेस?" भाच्याने विचारलं.

"मग कधी वाचू? सकाळी चहाबरोबर?"

तो हसला, पण खंड उचलून त्याने टीपॉयवरून कपाटावर ठेवले. त्याला लहानपणापासून रक्त बघवत नाही.

ही मांगा आली ते साल आठवून बघावंसं वाटतं. आदल्याच वर्षी सार्स हाँगकाँग, सिंगापूर, तैवानपर्यंत येऊन गेला होता. जपानात मात्र त्याचा खात्रीचा एकही रुग्ण सापडला नाही. संकट दारावरून पुढे गेलं की घरातल्या माणसांना जे होतं, म्हणजे सुटकेचा निःश्वास आणि आता आपली पाळी या दोन्ही भावना एकदम, ते तेव्हा त्या देशाला झालं असावं. मग जानेवारी २००४ मध्ये यामागुची प्रांतात कोंबड्यांचा फ्लू आला, तब्बल ७९ वर्षांनी. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हजार येनची नवी नोट निघाली, तिच्यावर डॉक्टर हिदेयो नोगुची. ज्या हातांनी लोक हे साप्ताहिक विकत घेत होते, त्या हातांतल्या नोटेवर विषाणूने मारलेला माणूस होता. होकाझोनोंच्या हे मनात आलं असेल की नाही कोण जाणे. माझ्या मात्र आलं, आणि एकदा आल्यावर जाईना.

नोगुचींची गोष्ट जपानी मुलांना शाळेत सांगतात. आइझू भागातल्या इनावाशिरोचं गरीब शेतकरी घर, तान्हेपणी चुलीत भाजलेला डावा हात, त्या हातावरच्या शस्त्रक्रियेमुळे लागलेली वैद्यकाची ओढ, पुढे न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था. माणूस झोपतो कधी, असं तिथले सहकारी विचारत. पीतज्वर हा जिवाणूमुळे होतो, आपण तो जिवाणू पाहिला आहे, हा त्यांचा दावा होता. आफ्रिकेतून उलट पुरावे येऊ लागल्यावर ते स्वतः तिकडे गेले, आणि मे १९२८ मध्ये आक्रा इथे त्याच पीतज्वराने वारले. पीतज्वर विषाणूमुळे होतो. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला तो दिसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो अजून जन्माला यायचा होता. रात्र रात्र जागून भिंगाला डोळा लावणाऱ्या त्या माणसाला पलीकडे काहीतरी दिसत होतं, हे तर खरं. माणसाची नजर रिकामी राहायला तयार नसते.

त्यांच्याच आइझूत कागदाच्या लगद्याची एक लाल गाय मिळते, अकाबेको. मान हलवणारी. अंगावर काळे ठिपके. ते ठिपके देवीच्या फोडांचे आहेत, गाय ते आपल्या अंगावर घेते आणि घरातलं मूल वाचतं, असं मानतात. देवीच्या रोगाचं आणि लाल रंगाचं जपानात जुनं नातं. एदो काळात फक्त लाल शाईत छापलेली चित्रं मिळत. दारुमा, राक्षसांना पळवणारा शोकी, महाधनुर्धर तामेतोमो, झालंच तर खेळणी, सगळं लालच लाल. मूल आजारी पडलं की ती चित्रं त्याच्या उशाशी लावायची आणि बरं झालं की जाळायची किंवा नदीत सोडायची. म्हणून ती आज फार थोडी उरली आहेत. जी उरली त्यांच्या उशाशी काय घडलं असेल, हे विचारायचा धीर संग्रहालयाच्या काचेसमोर मला झाला नाही. आपल्याकडेही शीतळा सप्तमीला थंड खाऊन चूल निजवणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे रोगाला देव करून त्याची मनधरणी करण्यात मला परकं काही वाटलं नाही. परकं वाटलं ते चित्र नदीत सोडणं. आमच्या घरी देवीची तसबीर होती ती पिढ्यान् पिढ्या तिथेच, खिळ्यासकट.

आणखी एक चित्र आहे, ते २०२० मध्ये जगभर फिरलं. अमाबिए. १८४६ साली हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत, समुद्रात रात्री काहीतरी चमकतं म्हणून एक अधिकारी पाहायला गेला. लांब केस, चोच, अंगावर खवले, खाली तीन शेपट्यांसारखं काही, अशी एक जलचर बाई वर आली. सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण साथही येईल, तेव्हा माझं चित्र काढून लोकांना लौकर दाखवा, असं सांगून ती बुडाली. हा सगळा मजकूर चित्रासह एका पानाच्या छापील बातमीपत्रात आला, त्याची प्रत क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. माझं चित्र काढा म्हणणारी जलचर नेमकी चित्रं छापून विकणाऱ्यांच्या उपयोगी पडावी, याचं मला हसू येतं. पण रेखाटन मात्र फार भाबडं आहे, पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखं. करोनाच्या पहिल्या वसंतात तिथल्या व्यंगचित्रकारांनी, मांगाकारांनी, शाळेतल्या पोरांनी ती आपापल्या परीने पुन्हा काढली. आरोग्य मंत्रालयानेसुद्धा ती आपल्या पत्रकावर घेतली.

त्याच्या शंभर वर्षं आधी, इन्फ्लुएंझाच्या साथीत, सरकारने काढलेली भित्तिचित्रंही आहेत. एका चित्रात आगगाडीचा डबा आहे, माणसं मास्क लावून बसली आहेत, आणि एका बेफिकीर गृहस्थाच्या उघड्या तोंडासमोर जंतू उडताना काढले आहेत. चित्रकाराला सांगितलं असणार की बाबा रे, जंतू दाखव. कसा दिसतो, म्हणून त्याने विचारलं असणार. पुढचं संभाषण मला ऐकायला आवडलं असतं.

खऱ्या इबोलाचं पहिलं छायाचित्र ऑक्टोबर १९७६ मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या प्रयोगशाळेत घेतलं गेलं. ते मी पाहिलं आहे. लांबट, वळलेला, वर आकडा. बघून भीती वाटावी असं त्यात काही नाही. भीती आहे ती त्याआधीच्या महिन्यातल्या यांबुकू गावात, तेव्हाच्या झाईर देशातल्या मिशनच्या इस्पितळात. तिथे बाह्यरुग्ण विभागातल्या परिचारिकांना रोज सकाळी पाच सिरिंजा मिळत. शेकडो रुग्ण, पाच सिरिंजा, मधून मधून कोमट पाण्यात विसळलेल्या. बायका गरोदरपणातली इंजेक्शनं घेऊन घरी जात आणि आठवड्याभरात रक्त ओकत परत येत. ३१८ रुग्णांपैकी २८० दगावले, त्यांत इस्पितळातले पुष्कळ कर्मचारी. शोध घ्यायला गेलेल्या शास्त्रज्ञांनी रोगाला गावाचं नाव द्यायचं टाळलं, गावाला जन्माचा डाग नको म्हणून, आणि जवळपासच्या एका नदीचं दिलं. त्या नदीने काय पाप केलं होतं, असं माझ्यासारखीला वाटतं. पण नदीला लग्नं जुळवायची नसतात.

'इमर्जिंग' दोनच खंडांची आहे याचं मला आधी नवल वाटलं. जपानात शंभराव्या खंडापलीकडे चाललेल्या मालिका आहेत, आजोबांनी सुरुवात केलेली नातवाने वाचावी अशा. मग वाटलं, या आजाराची गोष्ट लांबायची कशी? इतक्या वेगाने मारणारा विषाणू स्वतःचीच वाट तोडतो. माणूस गावाबाहेर पडायच्या आत आडवा होतो आणि साथ तिथल्या तिथे विझते. निदान १९७६ मध्ये तसं झालं. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत तो शहरांत शिरला आणि विझायला दोन वर्षं घेतली, ११,००० हून अधिक माणसं नेली, तेव्हा हा नियमही फार मनावर घेऊ नये. तरी पुस्तकाच्या जाडीत आणि आजाराच्या चालीत काही मेळ आहे, हा विचार मला सोडवत नाही. रक्त उसळवणारा रोग चित्रकाराला हवासा. पान उलटेपर्यंत माणूस कोसळतो. खोकला येतो की नाही याची वाट बघत, दाराला कान लावून दोन वर्षं बसलेल्या माणसांची मांगा कोण काढणार आणि कोणता संपादक ती छापणार?

करोनातलं ते वाट बघणं जगाने टीव्हीवर पाहिलं तेही जपानातच. फेब्रुवारी २०२०, योकोहामाचा धक्का, 'डायमंड प्रिन्सेस'. ३,७११ माणसं आणि समोर पांढरंशुभ्र जहाज. कॅमेरे तासन् तास रोखलेले, आणि दिसायचं काय, तर सज्ज्यांची ओळ, वाळत घातलेले टॉवेल, हात हलवणारं कोणीतरी. एकूण ७१२ जणांना लागण झाली. तेव्हा मी पुण्यात होते आणि आमच्या गल्लीतली चर्चा वेगळीच होती, कारण जहाजावर शंभराहून जास्त भारतीय होते, बहुतेक सगळे कर्मचारी, त्यांत मुंबईचे आणि गोव्याचेही. प्रवाशांना खोलीबाहेर पडायची बंदी होती. कर्मचारी रांधत होते, ताटं दारादारापर्यंत पोचवत होते आणि रात्री खाली, खिडकी नसलेल्या सामायिक खोल्यांत झोपत होते. त्यांनी फोनवरून पाठवलेल्या चित्रफिती बातम्यांत दाखवत. मास्क लावलेला तरुण चेहरा, मागे दुमजली बिछाने, आणि आम्हाला इथून न्या, अशी विनवणी. गोव्यात जहाजावर जाणं ही पिढ्यांची रीत, 'तारवटी' म्हणून या माणसांची तिथे स्वतंत्र ओळख. २७ फेब्रुवारीला विमानाने त्यांतल्या बऱ्याच जणांना दिल्लीला आणलं. ते जहाज मी अनेकदा पाहिलं टीव्हीवर, पण विषाणू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जहाज येत नाही. टाळेबंदीत गल्लीच्या तोंडाशी बांधलेला बांबू येतो.

तोक्योच्या पश्चिमेला मुसाशी-मुरायामा नावाच्या उपनगरात एक इमारत आहे. अतिघातक विषाणू हाताळण्यासाठी सर्वांत वरच्या दर्जाची प्रयोगशाळा म्हणून ती १९८१ साली बांधली. आजूबाजूला घरं, शाळा. लोक म्हणाले, नको. मग यंत्रं तयार, पोशाख तयार, आणि चौतीस वर्षं त्या दर्जाचं काम बंद. 'इमर्जिंग' आली तेव्हाही कुलूप होतंच. २०१५ मध्ये परवानगी मिळाली, आणि २०१९ च्या सप्टेंबरात तिथे इबोला, मारबर्ग, लासा, क्रायमियन-काँगो आणि दक्षिण अमेरिकेतला एक रक्तस्रावी ताप असे पाच विषाणू मुद्दाम आणवले. पुढच्या वर्षी ऑलिम्पिक होतं, जगभरचे पाहुणे येणार, ओळख पटवायची तयारी हवी. ऑलिम्पिक लांबलं. पाचांपैकी एकाचाही त्यात हात नव्हता.

आमच्या पुण्यात अशीच इमारत पाषाणला आहे, २०१२ पासून. सूस रस्त्याने जाताना मी भाजी घेते ती तिच्यापासून फार लांब नाही, आणि भाजीवालीला त्याचं काही वाटत नाही, मलाही नाही. राष्ट्रीय विषाणू संस्थेचा हा भाग. संस्था १९५२ ची, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने उभी राहिलेली. नोगुचींच्या संस्थेशी ते घराणं जुळतं, हे कळल्यावर मला उगीच बरं वाटलं. या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं का मरतात याचा माग काढला आणि एक नवा विषाणू हाती आला. ताप, अंग मोडून येणं, काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. वाहक गोचीड. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. सुमारे साठ वर्षांनी तो सह्याद्री धरून उत्तरेकडे सरकत गोव्याच्या सत्तरीत आला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात, दोडामार्गला. पुढच्या वर्षी बांद्याला.

बांद्याच्या बाजूला माझ्या आईचं माहेर. हा ताप येतो नेमका काजूच्या हंगामात, जानेवारी ते मे, जेव्हा सगळं घर पाला तुडवत बोंडं वेचत असतं. एका उन्हाळ्यात गेले तेव्हा आरोग्य खात्याची माणसं अंगाला लावायचं तेल वाटून गेली होती, आणि भिंतीवर रंगाऱ्याकडून एक चित्र काढून घेतलं होतं. एका बाजूला पडलेलं माकड, दुसऱ्या बाजूला आठ पायांची गोचीड. माकडापेक्षा गोचीड मोठी. पायांवर लव, डोळे रागीट, खरं तर डोळे असायचं काही कारण नव्हतं. रंगारी बिचारा गणपतीच्या मखरांचे पडदे रंगवणारा, त्याने जीव ओतला होता. आणि लाल रंग सढळ.

मी मामीला म्हटलं, "बघितलंस का गो चित्र?"

मामी कमरेला पदर खोचून टोपली शोधत होती. तिने भिंतीकडे एकदा पाहिलं. "एवढो मोठो आसतो तर बरां होतां," ती म्हणाली, "दिसलो तरी आसतो."

तेल तिने लावलं नाही, त्याच्या वासाने डोकं चढतं म्हणे. मग काजूबी पुण्यात काय भावाने जाते ते तिने मला विचारलं, आणि मी सांगितलेला आकडा तिला अजिबात पटला नाही.